नाकातून ‘थेट’ मेंदूत : एका क्रियाविशेषणाची चिकित्सा

आमच्या विभागातून निवृत्त झालेल्या एका सरांना गेली सात वर्षे कंपवात आहे. आम्हां दोघांनाही एम. ए.ला साहित्यशास्त्र त्यांनीच शिकवले. फळ्यावरचे त्यांचे अक्षर इतके घोटीव असे की तास संपल्यावर फळा पुसायला कोणी धजत नसे. आता त्यांनी लिहिलेली ओळ डावीकडून उजवीकडे जाता जाता बारीक होत जाते आणि शेवटचा शब्द मुंगीएवढा उरतो. या आजाराचे ते एक ठरलेले लक्षण आहे असे डॉक्टर सांगतात.

गेल्या दिवाळीत फराळाला त्यांच्याकडे गेलो असता काकूंनी फडताळातून वर्तमानपत्राचे एक कात्रण काढून आमच्यापुढे ठेवले. घड्या घालून घालून ते चौकोनी तुकड्यांत फाटू लागले होते. बातमीचा आशय असा, की अतिसूक्ष्म कणांत भरलेले औषध नाकात फवारले की ते मेंदूत पोहोचते आणि त्यामुळे मेंदूच्या असाध्य विकारांवर उपचार दृष्टिपथात आले आहेत. मथळा तीन शब्दांचा होता : ‘नाकातून थेट मेंदूत!’ काकू म्हणाल्या, “तुम्ही दोघं शिकलेली माणसं आहात. मला एवढंच सांगा, हे आपल्याकडे कधी येणार?”

आम्ही मराठीचे अध्यापक. आम्हांला काय सांगता येणार? “वाचून सांगतो, काकू,” असे म्हणून आम्ही चकलीचा तुकडा तोंडात टाकला. परंतु दिलेला शब्द छळू लागला. जवळच्या एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील मित्राला गाठले, त्याने दिलेले लेख त्याच्याच मदतीने महिना-दोन महिने वाचले, आणि वाचता वाचता ध्यानात आले की या बातमीतील विज्ञान आमच्या आवाक्याबाहेरचे असले तरी तिच्यातील दोष आमच्या आवाक्यातला आहे. तो दोष एका क्रियाविशेषणाचा आहे. ‘थेट’ या शब्दाचा.

ज्या गोष्टीला वळसा घालून हे औषध न्यायचे ती गोष्ट आधी पाहू. १८८५ च्या सुमारास पाउल एर्लिख या जर्मन संशोधकाने प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्ये टोचली. यकृत, मूत्रपिंड, स्नायू, सारे रंगले; मेंदू मात्र कोराच राहिला. एर्लिखला वाटले, मेंदूला त्या रंगांची ओढ नसावी. पुढे १९१३ मध्ये त्याच्याच शिष्याने, एडविन गोल्डमनने, रंग रक्तात न टोचता मेंदूभोवतीच्या द्रवात टोचला. तेव्हा मेंदू रंगला आणि उर्वरित शरीर कोरे राहिले. म्हणजे ओढीचा प्रश्न नव्हता. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी आडवे होते. १९२१ मध्ये लीना श्टेर्न या विदुषीने त्याला फ्रेंचमध्ये नाव दिले. (याच बाईंना १९४९ मध्ये स्टालिनच्या राजवटीत अटक झाली. त्यांच्यासह खटला चालवलेल्यांपैकी तेरा जणांना १९५२ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. त्या हद्दपारीवर वाचल्या. अडथळ्यांचा अभ्यास करणाऱ्या बाईच्या वाट्याला आलेले हे अडथळे एखाद्या चरित्रकाराने लिहावेत असे आहेत.) तो अडथळा नेमका कोठे आहे हे दिसायला १९६७ साल उजाडावे लागले. मेंदूतील केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की त्यांच्यामधून काही निसटत नाही, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तेव्हा स्पष्ट झाले.

मराठीत याला कोणी ‘रक्त-मेंदू अडथळा’ म्हणतात, कोणी सरळ ‘मेंदूभोवतीची भिंत’. भिंत हा शब्द सोपा आहे, पण फसवा आहे. भिंतीतून काहीच जात नाही; मेंदूला तर क्षणोक्षणी साखर लागते, अमिनो आम्ले लागतात. जर्मनांनी वापरलेला ‘श्रांके’ हा शब्द याहून बरा, कारण त्याचा एक अर्थ रस्त्यावर आडवा टाकलेला, उचलता येणारा दांडा असा आहे. रेल्वेच्या फाटकावर असतो तसा. आम्हांला विचाराल तर मराठीत याहूनही नेमका शब्द पडून आहे : जकातनाका. जकात गेली, तरी गावोगावच्या बसथांब्यांना ते नाव अद्याप आहे. नाक्यावर सगळे अडत नाही. ज्याच्याकडे योग्य कागद आहे त्याला वाट मिळते, उरलेल्यांना परत फिरावे लागते.

आणि सरांची गोळी हेच या नाक्याचे उत्तम उदाहरण आहे. कंपवातात मेंदूच्या एका भागात डोपामिन हे द्रव्य कमी पडते. मग डोपामिनच का देत नाहीत? कारण ते नाक्यावर अडते. म्हणून त्याची पूर्वावस्था, लेव्होडोपा, तोंडावाटे देतात. लेव्होडोपा दिसायला अमिनो आम्लासारखे असल्याने अमिनो आम्लांसाठी राखलेल्या वाटेने ते आत शिरते आणि आत गेल्यावर त्याचे डोपामिन होते. सोबत कार्बिडोपा देतात, ते अशासाठी की हे वेषांतर नाक्याबाहेरच गळून पडू नये. काकू सरांना गोळी जेवणाच्या बऱ्याच आधी देतात आणि दूध, पनीर, घट्ट वरण गोळीच्या वेळेपासून लांब ठेवतात. डॉक्टरांनी तसे सांगितले आहे म्हणून त्या ते करतात. कारण त्यांना कोणी सांगितले नव्हते. कारण एवढेच, की प्रथिनांतील अमिनो आम्ले त्याच रांगेत उभी राहतात आणि गोळीला वाट लवकर मिळत नाही. ‘भिंत’ या शब्दाने हे समजावता येत नाही, ‘जकातनाका’ या शब्दाने येते. आम्ही काकूंना हे पुढच्या भेटीत सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे वरण आधी पुढे गेलं की ह्यांची गोळी रांगेत मागे.” विषय कळल्याची याहून चांगली खूण कोणती?

परंतु वेषांतर प्रत्येक औषधाला साधत नाही. लहान रेणूंच्या औषधांपैकी सुमारे अठ्ठ्याण्णव टक्के आणि मोठ्या रेणूंची जवळजवळ सारीच औषधे या नाक्यावर अडतात, असा विल्यम पार्ड्रिज यांचा २००५ मधील अंदाज या विषयावरील लेखांत हटकून भेटतो. म्हणूनच नाकाची वाट मोहक वाटते. नाकाच्या छताशी, अगदी वर, गंधाच्या पेशींचा एक पट्टा असतो. त्या पेशींचे एक टोक नाकाच्या पोकळीत उघडे असते आणि दुसरे टोक चाळणीसारख्या भोकाभोकांच्या हाडातून वर जाऊन मेंदूशी जोडलेले असते. शरीरात इतरत्र मेंदू बाहेरच्या हवेच्या इतका जवळ येत नाही. शिवाय चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या मोठ्या मज्जातंतूच्या शाखा नाकात पसरलेल्या असतात. त्या मेंदूच्या बुंध्याशी जातात. या वाटांनी औषध नेता येईल ही कल्पना १९८९ मध्ये विल्यम फ्रे यांनी मांडली आणि त्यानंतर तिच्यावर जगभर काम झाले. भारतातील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतून तर या विषयावर विपुल लेखन होते. अर्थात इंग्रजीत.

येथवर ‘थेट’ हा शब्द कोणाला खटकणार नाही. खटकतो तो नाकात प्रत्यक्ष शिरल्यावर. माणसाच्या नाकाचे अस्तर उलगडले तर ते साधारण दीडशे चौरस सेंटीमीटर भरेल. त्यात गंधाचा पट्टा दहा टक्क्यांहूनही कमी. तोही इतका उंचावर की साधा फवारा मारला तर बहुतेक थेंब नाकाच्या पुढच्या अरुंद भागातच अडकतात. एका नाकपुडीत एका वेळी मावणार किती? एका मिलिलिटरचा पाच-दहावा हिस्सा. त्याहून जास्त घातले तर ते बाहेर तरी येते किंवा घशात तरी उतरते. जे टिकते त्याच्यावर शेंबडाचा थर (शब्द अशिष्ट वाटेल, पण ‘श्लेष्मल स्राव’ म्हटल्याने तो कमी चिकट होत नाही) सतत मागे वाहत असतो. सूक्ष्म केसांची वल्ही त्याला ढकलत असतात आणि पंधरा-वीस मिनिटांत बरेचसे औषध घशाच्या दिशेने रवाना झालेले असते. वाटेत औषध फोडणारी विकरे आहेत, ती वेगळीच. या साऱ्यातून तगून मेंदूत पोहोचणारा वाटा, प्राण्यांवरील प्रयोगांतसुद्धा, दिलेल्या मात्रेच्या बहुधा एक टक्क्याहून कमी असतो.

सूक्ष्म कणांचे काम येथे सुरू होते. त्यांना मराठीत ‘अब्जांश कण’ म्हणावे असा एक प्रघात आहे आणि तो अचूक आहे. ‘नॅनो’ म्हटले की आपल्याकडे अनेकांना अजून २००८ मधली ती छोटी मोटार आठवते. हे कण साधारण शंभर ते दोनशे नॅनोमीटरचे असतात. माणसाच्या एका केसाच्या जाडीवर असे पाचशे कण सहज ओळीने बसतील. काही कण विरघळणाऱ्या बहुवारिकांचे असतात, काही मेदाचे, तर काही कायटोसानचे. हे शेवटचे द्रव्य कोलंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. कोकणात कोलंबी सोलून उकिरड्यावर टाकलेल्या टरफलांतून मेंदूच्या औषधाचे वाहन निघावे, ही गोष्ट कल्पनारम्यतेच्या कोणत्याही लेखकाला सुचली नसती. कायटोसानवर धन विद्युत्भार असतो, श्लेष्म्यावर ऋण; त्यामुळे ते तेथे चिकटते, वाहून जायला वेळ लावते आणि पेशींमधील शिवण काही काळ किंचित सैल करते. कणाच्या पोटात औषध विकरांपासून सुरक्षित राहते आणि हळूहळू झिरपते. युक्ती सुंदर आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. अडचण अशी की कणाच्या वजनात प्रत्यक्ष औषध पुष्कळदा थोडेच असते, बाकी सारे वाहन. नाकापेक्षा मोती जड, ही म्हण येथे जितकी शब्दशः लागू पडते तितकी क्वचितच कोठे पडत असेल.

आणि तो कण मेंदूत जातो का? बातमीचे चित्र तसेच होते : नाकातून मेंदूकडे निघालेले लाल गोळे. गंधाच्या मज्जातंतूंची जाडीच सरासरी दोनशे नॅनोमीटरच्या आसपास, मग त्यांच्या पोटातून शंभर-दोनशे नॅनोमीटरचा कण कसा जाणार? तो पेशींच्या मधल्या फटींतून जातो की नाकाच्या अस्तराशीच थांबून फक्त औषध पुढे सोडतो, याविषयी संशोधकांत एकमत नाही. या क्षेत्रात दीर्घकाळ काम केलेल्या लिझबेथ इलम यांनी २००४ मध्ये एका लेखाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला होता की माणसात असे वहन खरोखर घडते का. जो प्रश्न शास्त्रज्ञ शीर्षकात प्रश्नचिन्हासह विचारतात तो आमच्या वर्तमानपत्रात उद्गारचिन्हासह उत्तर होऊन छापला जातो. विरामचिन्हांचा हा बदल मुद्रितशोधकाच्या नजरेला दिसत नाही, पण काकूंच्या फडताळात तोच जपून ठेवला जातो.

‘थेट’ हा शब्द आणखी एक गोष्ट लपवतो. नाक कोणाचे? उंदराच्या नाकाच्या अस्तराचा जवळजवळ अर्धा भाग गंधाचा असतो. प्रयोगात त्याला बहुधा भूल देऊन उताणे निजवतात आणि थेंबाथेंबाने औषध सोडतात. वास घेण्यावरच ज्याचे जगणे उभे आहे अशा प्राण्याचे ते नाक आहे. बातमीत उंदीर शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आला होता, तोही ‘प्राथमिक चाचण्यांत’ या शब्दांच्या आडून.

प्राण्याच्या नाकावरून माणसाचे नाक ओळखण्याची चूक वैद्यकात पूर्वी घडलेली आहे, आणि ती हकीकत आम्हांला या साऱ्या वाचनात सर्वांत जास्त हलवून गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सायमन फ्लेक्सनर यांनी माकडांच्या नाकात पोलिओचा विषाणू घालून त्यांना पोलिओ झाल्याचे दाखवले. त्यावरून समज दृढ झाला की हा विषाणू माणसातही नाकाच्याच दाराने मेंदूत शिरतो. दार आहे म्हटल्यावर ते बंद करता येईल, हा विचार ओघाने आलाच. १९३७ मध्ये कॅनडात ओंटारिओ प्रांतात पोलिओची साथ आली तेव्हा टोरांटोत सुमारे पाच हजार मुलांच्या नाकात, थेट गंधाच्या पट्ट्यावर, झिंक सल्फेट फवारण्यात आले. हेतू हा की तेथील पेशी काही काळ निकामी व्हाव्यात आणि दार बंद व्हावे. साथीवर परिणाम झाला नाही. काही मुलांचे गंधज्ञान मात्र गेले आणि महिनोन्महिने परत आले नाही. पुढे १९४१ च्या सुमारास पोलिओने मृत्यू पावलेल्यांचे मेंदू तपासले गेले तेव्हा गंधाच्या केंद्रात त्या रोगाची खूण आढळेना. विषाणू तोंडावाटे आतड्यात जातो, हे मग हळूहळू मान्य झाले. फ्लेक्सनर यांच्या माकडांची जात आणि प्रयोगशाळेत जोपासलेला तो विषाणू या दोहोंमुळे फसगत झाली होती. त्या पाच हजार मुलांच्या आयांनी रांगेत उभे राहून आपली मुले पुढे केली असतील, ती एका रूपकावर विसंबून. रूपक हा केवळ अलंकार नसतो, असे सर आम्हांला सांगत. तो विचाराला वाट आखून देतो. सरांनी हे उदाहरण दिले नव्हते; आम्ही आता वर्गात देतो.

माणसांवरची मोठी चाचणी म्हणाल तर ती कणांची नव्हे, नाकातून दिलेल्या इन्शुलिनची झाली. २०१२ मध्ये शंभरएक जणांवरील छोट्या चाचणीत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत आशादायक निकाल आले. मग अमेरिकेत २८९ जणांना घेऊन बारा महिन्यांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. फवारण्याचे पहिले उपकरण बेभरवशाचे निघाल्याने ४९ जणांनंतर ते बदलावे लागले. दुसऱ्या उपकरणाच्या २४० जणांत इन्शुलिन आणि नुसता फवारा यांत बौद्धिक क्षमतेच्या दृष्टीने फरक दिसला नाही. पहिल्या उपकरणाच्या लहान गटात काही बऱ्या खुणा होत्या, त्यामुळे वाद मिटला नाही आणि वाटही बंद झाली नाही. प्रश्न औषधाचा की नळीच्या तोंडाच्या कोनाचा, इतक्या बारीक गोष्टीवर सारे अडून राहते. ‘थेट’मध्ये हा कोन मावत नाही.

आणि गंमत पाहा, नाकातून दिलेली जी औषधे आज मेंदूवर खरोखर काम करतात, ती प्रामुख्याने थेट जात नाहीत. आमच्या लहानपणी कोणाला फेफरे आले की त्याच्या नाकाशी कांदा फोडून धरत, नाही तर पायातली चप्पल. आज फेफरे थांबवण्यासाठी मिडॅझोलॅमचा नाकात मारायचा फवारा डॉक्टर लिहून देतात आणि तो घरात ठेवता येतो. तो नाकाच्या अस्तरातून रक्तात जातो, रक्तातून मेंदूत. नाक्यावर त्याला कोणी अडवत नाही. वळसा घालूनही तो काही मिनिटांत काम करतो. कांदा धरणारे पूर्वज चूकच होते. नाक तेच आहे म्हणून त्यांना दूरदृष्टीचे श्रेय देण्याचे कारण नाही.

हे म्हणण्याचे कारण, की अशी बातमी आली रे आली की तिच्या पाठोपाठ दुसरे विधान येते : हे तर आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वीच होते. वाग्भटाने नाकाला मस्तकाचे द्वार म्हटले आहे, हे खरे. नस्यासाठी वापरायच्या एका तेलाचे नाव ‘अणुतैल’ आहे, हेही खरे. मग काय, अणू म्हणजेच नॅनो, आणि सिद्ध झाले! आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला शब्दार्थाचा : सूक्ष्म स्रोतसांत शिरणारे म्हणून ते अणुतैल, त्यातील ‘अणू’ हे मोजमापाचे परिमाण नव्हे. दुसरा आक्षेप आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. अष्टांगहृदयातील नस्याचा अध्याय मुळातून पाहावा. त्यात मात्रा थेंबांत मोजलेली आहे आणि थेंब म्हणजे काय हेही सांगितलेले आहे : तर्जनीची दोन पेरे बुडवून बाहेर काढल्यावर गळतो तो. नुकतेच जेवलेल्याला, पाणी प्यालेल्याला नस्य देऊ नये. सात वर्षांखालील आणि ऐंशी वर्षांवरील व्यक्तीला देऊ नये. अशी मनाई करणारी यादी लांबलचक आहे. तो उपचार आजच्या कसोटीवर किती उतरतो हा वेगळा प्रश्न. पण ‘द्वार’ हे रूपक योजून वाग्भट थांबला नाही; त्या द्वाराशी कोणी, केव्हा, किती घेऊन यावे याच्या अटी त्याने लगेच घातल्या. गौरव करणारे नेमक्या त्या अटी गाळतात.

दार म्हटले की त्यातून नको तेही येणार. मज्जातंतूंच्या ज्या वाटेने औषध न्यायचे त्याच वाटेने नेग्लेरिया फाऊलेरी हा अमीबा मेंदूत शिरतो. २०२४ आणि २०२५ मध्ये केरळातील रुग्णांमुळे हे नाव आपल्या वर्तमानपत्रांत आले. २०११ मध्ये अमेरिकेतील लुइझियानात नळाचे पाणी नाकात घालून नाक धुतल्याने याच अमीबाने दोन मृत्यू झाले. जलनेती शिकवणाऱ्या किती पुस्तकांत पाणी उकळून निववून घ्यावे हे वाक्य ठळक छापलेले असते, हे ज्याने त्याने आपल्या कपाटात पाहावे. २०१६ मध्ये बार्बरा माहेर आणि सहकाऱ्यांनी मेक्सिको सिटी व मँचेस्टर येथील ३७ मृत व्यक्तींच्या मेंदूत मॅग्नेटाइटचे गोल अब्जांश कण आढळल्याचे प्रसिद्ध केले. उच्च तापमानाच्या ज्वलनातून, म्हणजे वाहने-कारखान्यांच्या धुरातून, तयार होतात तसे ते होते आणि नाकाच्या वाटेने ते आले असावेत असा त्यांचा तर्क आहे. त्यातून कोणता आजार होतो, हे सिद्ध झालेले नाही. तरी रोज चौकात सिग्नलला उभे राहून आपण जे नाकात ओढतो त्याची बातमी ‘नाकातून थेट मेंदूत!’ अशी कधी वाचनात आली नाही.

आमचे मत आता सांगतो. विज्ञान मराठीत आणायचे म्हटले की आपण परिभाषेच्या मागे लागतो. समित्या नेमतो, ‘कण’ की ‘अणुका’ यावर शाई खर्च करतो. पारिभाषिक संज्ञेने वाचकाची क्वचितच फसगत होते, कारण ती त्याला मुळात कळलेलीच नसते. फसगत होते ती परिचित शब्दांनी : दार, भिंत, थेट, लवकरच, वरदान. हे शब्द तपासण्याचे शिक्षण औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याला मिळत नाही; ते आमच्या वर्गात मिळते, किंवा मिळायला हवे. कवितेतील एका प्रतिमेवर आम्ही दोन तास बोलतो, आणि त्याच विद्यार्थ्याच्या घरी पडणाऱ्या वर्तमानपत्रातील प्रतिमा आमच्या दृष्टीने साहित्यबाह्य! आम्ही यंदापासून गद्यविचाराच्या अंतर्गत मूल्यमापनात एक विज्ञानविषयक बातमी आणि तिचे मूळ संशोधन शेजारी ठेवून वाचायला देतो. अभ्यासक्रमात याला जागा नाही, विभागातही सर्वांना हे रुचलेले नाही. एका सहकाऱ्याने तर तोंडावर विचारले, “उद्या रक्ताचे अहवाल वाचायला देणार का?” दिले तर बिघडेल काय, हे आम्हांला अद्याप उमगलेले नाही.

आमच्या औषधनिर्माणशास्त्राच्या मित्राचा आक्षेप याहून गंभीर होता. त्याचे म्हणणे, “तुम्ही शब्द कापत बसाल आणि माणसांची उमेद कापाल. आशा नसेल तर संशोधनाला पैसा कोण देईल?” आम्ही यावर बराच विचार केला. उमेद लागते, हे मान्य. पण काकूंची उमेद त्या कात्रणावर उभी असताना मध्यंतरी एक गृहस्थ त्यांना भेटून गेले आणि नाकात घालायची एक महागडी बाटली देऊन गेले. तिच्यावरही ‘नॅनो’ असे छापलेले होते. ती नाकात घातल्यावर सरांना दोन दिवस ठसका लागला, आणि काकूंना वाटले की औषध पोहोचल्याची ती खूण आहे. बाटली विकणाऱ्याला मथळा लिहिणाऱ्याचीच उमेद कामी आली होती.

शेवटी आम्ही दोघांनी मिळून काकूंसाठी एक पान लिहिले. पाच वेळा लिहिले. त्यात ‘थेट’ हा शब्द नव्हता आणि ‘दार’ऐवजी ‘फट’ होते. जनावरांवर प्रयोग झाले आहेत. माणसांसाठी कंपवातावरचे कणांचे असे औषध दुकानात आलेले नाही. कधी येईल हे आज कोणी सांगू शकत नाही. सध्याची गोळी वेळेवर आणि वरणापासून लांब ठेवून घेणे हेच मेंदूपर्यंत औषध नेण्याचे आपल्या हातातले काम आहे. आणि ती बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा नाकात घालू नये. सरांनी पान स्वतः वाचले. हात थरथरत होता, पण पेन्सिल मागून घेतली आणि ‘कोणी सांगू शकत नाही’ या शब्दांखाली रेघ ओढली. रेघ वाकडी आली. काकूंनी पान त्याच फडताळात ठेवले. मग कात्रण हातात घेऊन विचारले, “आणि हे? टाकू का?”

आम्ही म्हटले, “राहू द्या, काकू. फक्त त्याच्यावर तारीख लिहून ठेवा.”